मुन्शी प्रेमचंद : उशिरा मिळालेली पदवी, पुन्हा हाती घेतलेली लेखणी



‘ईदगाह’ ही गोष्ट आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना वाचली असेल. ईदच्या दिवशी तीन पैसे खिशात घेऊन निघालेला लहानगा हमीद आठवतो ना? बरोबरीची मुले मिठाई आणि मातीची खेळणी घेतात. हमीद मात्र भाकऱ्या भाजताना आजीची बोटे पोळतात हे आठवून लोखंडी चिमटा घेऊन घरी येतो. ‘पंच परमेश्वर’ या गोष्टीतले जुम्मन शेख आणि अलगू चौधरीही आपल्या ओळखीचे आहेत. या गोष्टी लिहिणारे मुन्शी प्रेमचंद उर्दू आणि हिंदी या दोन्ही भाषांतले थोर कथाकार म्हणून साऱ्या देशाला माहीत आहेत.

परंतु त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हा थोर लेखक मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात जाऊ शकला नाही. ज्या विषयाने त्याची वाट अडवली तो विषय होता गणित. इंटरच्या परीक्षेत ते एकदा नव्हे, दोनदा नापास झाले आणि बी.ए.ची पदवी हाती आली तेव्हा त्यांचे वय एकोणचाळिशीला टेकले होते. घरात बायको-मुले होती, नोकरी शाळामास्तरची होती आणि त्याच काळात एका नव्या भाषेत ते लेखक म्हणून पहिल्यापासून सुरुवात करीत होते.

निकालाच्या दिवशी ज्या घरांत चूल पेटत नाही, त्या घरांतील मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी ही जीवनकहाणी सांगावी असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

बालपण आणि मौलवीसाहेबांची शाळा

प्रेमचंद हे त्यांचे खरे नाव नव्हे. त्यांचे नाव धनपतराय. ३१ जुलै १८८० रोजी बनारसजवळच्या लमही या खेडेगावात कायस्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील अजायबलाल टपाल खात्यात कारकून होते. चुलत्यांनी लाडाने त्याला ‘नवाब’ हे नाव दिले. पुढे याच नावाने त्याने लेखनाचा आरंभ केला.

त्या काळी कायस्थ कुटुंबांत मुलाला आधी उर्दू-फार्सी शिकविण्याची रीत होती. त्याप्रमाणे लहानग्या नवाबला शेजारच्या लालपूर गावी एका मौलवीसाहेबांकडे पाठविण्यात आले. हे मौलवीसाहेब पेशाने शिंपी होते. कपडे शिवता शिवता ते मुलांना धडे देत. त्यांच्यापाशी या मुलाने जी फार्सी घोटली, ती पुढे तीस वर्षांनी बी.ए.च्या परीक्षेत त्याच्या कामी आली. शिक्षणातले काहीही वाया जात नाही, ते कुठेतरी जपून ठेवलेले असते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मुलगा सात-आठ वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईची माया त्याला लाभली नाही आणि वडील नोकरीत गुंतलेले. हे पोरकेपण त्याने पुस्तकांत बुडविले. वडिलांची बदली गोरखपूरला झाली तेव्हा तेथे एका तंबाखूवाल्याच्या घरी ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दूतील अद्भुत कथांचे वाचन चाले. हा मुलगा तेथे तासन्‌तास ऐकत बसे. बुद्धिलाल नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याशी त्याने एक सौदाही केला. दुकानातील गाईडे आणि नोट्स शाळेत नेऊन विकायच्या आणि त्या बदल्यात दुकानातील कादंबऱ्या फुकट वाचायच्या. तेरा-चौदा वर्षांच्या वयात त्याने अशा रीतीने कितीतरी पुस्तके वाचून काढली.

पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याचे लग्न लावून दिले. ना मुलाला काही विचारले, ना मुलीला. हे लग्न सुखाचे झाले नाही. आणि १८९७ मध्ये, ऐन मॅट्रिकच्या वर्षात, वडील वारले. सतरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात बायको, सावत्र आई आणि धाकटा सावत्र भाऊ यांचा संसार येऊन पडला.

एका विषयाने अडविलेली वाट

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलाची दिनचर्या जरा डोळ्यांसमोर आणा. तो बनारसच्या क्वीन्स कॉलेजच्या शाळेत शिकत होता. हेडमास्तरांनी फी माफ केली होती. सकाळी आठ वाजता गावाहून पायी निघायचे. शाळा सुटल्यावर शहरात एका मुलाची शिकवणी करायची. सहा वाजता तेथून निघून पाच मैल चालत घरी यायला रात्रीचे आठ वाजत. जेवण झाल्यावर रॉकेलच्या चिमणीसमोर पुस्तक उघडायचे आणि वाचता वाचता केव्हा डोळा लागे ते कळतही नसे. पायांत धड जोडा नाही आणि अंगावर धड कपडा नाही, अशी अवस्था.

अशा स्थितीत १८९८ मध्ये तो मॅट्रिक झाला, पण दुसऱ्या वर्गात. क्वीन्स कॉलेजात फीची माफी फक्त पहिल्या वर्गात येणाऱ्यांना मिळे. म्हणजे तो दरवाजा बंद झाला. त्याच वर्षी बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज नव्याने सुरू झाले होते. खटपट करून त्याने एका बड्या गृहस्थांची शिफारस मिळविली. तेवढ्यात तापाने आजारी पडला. बरा होऊन गेला तेव्हा प्रवेशासाठी त्याची तोंडी परीक्षा घेण्यात आली. इंग्रजीत समाधानकारक, गणितात असमाधानकारक, असा शेरा मिळाला आणि दुसराही दरवाजा बंद झाला.

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे जरूर आहे. गणित निरुपयोगी आहे, असे या लेखातून कुणी काढू नये. गणित आले असते तर प्रेमचंदांचे हाल कमी झाले असते, हे उघड आहे. सांगायचे आहे ते इतकेच की, एका विषयातील अपयशाने एका हुशार मुलाची वीस वर्षे खाल्ली, तरी त्या मुलाने स्वतःला नापास समजले नाही.

एक रुपयाचे गाईड

कॉलेजची आशा मावळल्यावर त्याने बनारसमध्येच एका वकिलाच्या मुलाची शिकवणी धरली. पगार महिना पाच रुपये. वकीलसाहेबांच्या तबेल्यावर मातीची एक लहानशी खोली होती, तीत राहायची परवानगी मिळाली. पाचांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम घरी द्यायची आणि उरलेल्यात आपण राहायचे, असा बेत त्याने आखला. खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि मग सरळ वाचनालय गाठायचे. गणिताची पुस्तके उघडण्याच्या निमित्ताने तो तेथे जाई आणि रतननाथ सरशार यांचा ‘फसाना-ए-आझाद’ किंवा बंकिमबाबूंच्या कादंबऱ्यांचे उर्दू अनुवाद वाचत बसे. याच दिवसांत एका कापडवाल्याचे अडीच रुपये उधार राहिले. ते फेडायला त्याला तीन वर्षे लागली.

शेवटी हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी अशी वेळ आली की, हातात कवडी नाही आणि कुणाकडे मागायची सोय उरली नाही. तेव्हा त्याने दोन वर्षे जपून ठेवलेले चक्रवर्तींच्या अंकगणिताचे गाईड उचलले आणि पुस्तकांच्या दुकानी गेला. दोन रुपयांना घेतलेले ते पुस्तक एक रुपयाला विकले.

रुपया घेऊन तो दुकानाच्या पायऱ्या उतरतो आहे, तोच दुकानात बसलेल्या भरघोस मिशांच्या एका गृहस्थांनी त्याची चौकशी केली. कुठे शिकतोस, नोकरी करायची इच्छा आहे काय, असे विचारले. ते एका लहानशा शाळेचे हेडमास्तर होते आणि त्यांना मॅट्रिक झालेला एक मास्तर हवा होता. पगार अठरा रुपये. त्या दिवसांत त्याला हा आकडा स्वप्नातही मोठा वाटला असता. १८९९ मध्ये तो चुनारच्या मिशन शाळेत शिक्षक झाला.

दैवाचा हा खेळ पाहा. ज्या गणिताने कॉलेजची वाट अडविली, त्याच गणिताचे गाईड विकायला गेला असताना त्याला आयुष्यातील पहिली नोकरी मिळाली.

पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, त्यांना बहराइचच्या सरकारी शाळेत वीस रुपयांवर जागा मिळाली. नंतर प्रतापगडला बदली झाली. १९०२ मध्ये ते अलाहाबादच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले आणि १९०४ मध्ये शिक्षकाची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. गंमत म्हणजे, हे शिक्षक गणित शिकविण्यास पात्र नाहीत, अशी नोंद त्यांच्या प्रमाणपत्रावर होती. नोकरी सांभाळून त्यांनी इंटरची परीक्षाही दिली. तेथेही गणित सक्तीचे. दोनदा बसले, दोनदा नापास झाले. मग निराश होऊन त्यांनी परीक्षेचा नाद सोडून दिला.

सरकारदरबारी जमा झालेले पुस्तक

परीक्षेचा नाद सुटला, तरी लेखणी सुटली नव्हती. ‘असरार-ए-मआबिद’ ही त्यांची पहिली कादंबरी १९०३ पासून बनारसच्या एका उर्दू साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. १९०५ मध्ये कानपूरला बदली झाल्यावर ‘जमाना’ या नामांकित उर्दू मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांच्याशी त्यांची दोस्ती जमली. ती शेवटपर्यंत टिकली. नवाबराय या नावाने ते ‘जमाना’त नियमाने लिहू लागले.

याच सुमारास त्यांचे पहिले लग्न कायमचे तुटले आणि १९०६ मध्ये त्यांनी शिवरानी देवी या बालविधवेशी विवाह केला. त्या काळी विधवेशी लग्न करणे हे धाडसाचे काम होते. पण पहिल्या पत्नीचे आयुष्य मात्र माहेरीच गेले, हेही येथे सांगितले पाहिजे. मोठ्या माणसांच्या चरित्रातील उणी बाजू झाकून ठेवल्याने ती माणसे अधिक मोठी होत नाहीत.

१९०८ मध्ये ‘सोज-ए-वतन’ हा त्यांचा पाच कथांचा संग्रह प्रसिद्ध झाला. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस. कथा देशप्रेमाच्या होत्या. प्रेमचंद तेव्हा शिक्षण खात्यात सब-डेप्युटी इन्स्पेक्टर होऊन हमीरपूर जिल्ह्यात फिरतीवर गेले होते. एका रात्री राहुटीत बसले असताना कलेक्टरसाहेबांचा हुकूम आला की ताबडतोब येऊन भेटा. थंडीचे दिवस. बैलगाडी जोडून रातोरात तीस-चाळीस मैल तुडवीत ते साहेबांच्या मुक्कामी पोहोचले. साहेबांसमोर ‘सोज-ए-वतन’ पडलेले होते. नवाबराय हे नाव कुणाचे आहे, याचा सरकारला पत्ता लागला होता. साहेबांनी एकेका कथेचा अर्थ विचारला, सगळ्या कथा राजद्रोही ठरविल्या आणि उरलेल्या सर्व प्रती स्वाधीन करण्यास फर्माविले. यापुढे सरकारी परवानगीशिवाय काही छापायचे नाही, अशी ताकीदही दिली. प्रती जमा झाल्या आणि नष्ट करण्यात आल्या.

वाचकहो, आपल्यापैकी एखाद्याची वर्षभराची मेहनत अशी डोळ्यांदेखत मातीला मिळाली तर काय वाटेल? नोकरी तर सोडता येत नाही, कारण चार माणसांचे पोट तिच्यावर आहे. लिहिलेले प्रत्येक पान साहेबाला दाखवून छापायचे, तर लिहिण्याला अर्थ नाही. शहाणपणाचा मार्ग एकच होता, लेखणी ठेवून द्यायची. पण त्यांनी ठेवून दिले ते फक्त नाव. दयानारायण निगम यांनी ‘प्रेमचंद’ हे नवे नाव सुचविले आणि डिसेंबर १९१० च्या ‘जमाना’त ‘बडे घर की बेटी’ ही कथा या नावाने प्रसिद्ध झाली. नवाबराय संपले, प्रेमचंद जन्माला आले. त्या वेळी ते तीस वर्षांचे होते.

पुन्हा विद्यार्थी

आता त्यांच्या आयुष्याचा जो भाग येतो, त्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला आहे.

फिरतीच्या नोकरीत वेळी-अवेळी जेवण आणि गावोगावचे पाणी यांमुळे त्यांना आमांशाचे दुखणे जडले. ते जन्मभर पाठीमागे राहिले. प्रकृतीमुळे त्यांनी तपासनिसाची नोकरी सोडून पुन्हा शिक्षकी पत्करली, आधी बस्तीला आणि ऑगस्ट १९१६ पासून गोरखपूरच्या नॉर्मल स्कूलमध्ये. ज्या गोरखपुरात लहानपणी गाईडे विकून कादंबऱ्या वाचल्या, तेथेच ते आता मास्तर म्हणून परत आले. त्याच वर्षी थोरला मुलगा श्रीपत जन्मला. थोरली मुलगी कमला घरात होतीच.

दरम्यान विद्यापीठाच्या नियमांत बदल होऊन इंटरला गणित ऐच्छिक झाले होते. दहा-बारा वर्षांपूर्वी सोडून दिलेली परीक्षा प्रेमचंदांनी दुसरे विषय घेऊन पुन्हा दिली आणि या खेपेस ते सहज उत्तीर्ण झाले. येथे अनेकांनी समाधान मानले असते. त्यांनी बी.ए.चा अभ्यास सुरू केला. विषय घेतले इंग्रजी साहित्य, फार्सी आणि इतिहास. सकाळी वर्गात मुलांना शिकवायचे आणि रात्री स्वतः मुलांसारखे पाठ करीत बसायचे. १९१९ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाची बी.ए.ची पदवी त्यांना मिळाली. मॅट्रिकपासून पदवीपर्यंतची चार वर्षांची वाट त्यांनी एकवीस वर्षांत चालून पुरी केली.

आणि याच काळात त्यांनी दुसरेही एक धाडस केले. उर्दूत त्यांचे नाव झाले होते, पण पुस्तकांना प्रकाशक मिळणे कठीण होते. तेव्हा वयाच्या पस्तिशीत ते हिंदीकडे वळले. डिसेंबर १९१५ मध्ये ‘सरस्वती’ या मासिकात त्यांची ‘सौत’ ही हिंदी कथा आली. १९१६ मध्ये ‘पंच परमेश्वर’ आली आणि १९१७ मध्ये ‘सप्त सरोज’ हा संग्रह. ‘बाजार-ए-हुस्न’ ही कादंबरी त्यांनी मुळात उर्दूत लिहिली होती, परंतु ती आधी प्रसिद्ध झाली ती हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने, कलकत्त्याहून. हिंदी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. उर्दू आवृत्ती निघायला पुढे काही वर्षे जावी लागली. उर्दूला मात्र त्यांनी कधी अंतर दिले नाही. अखेरपर्यंत ते दोन्ही भाषांत लिहीत राहिले.

या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. एकीकडे प्रतिष्ठित उर्दू लेखक हिंदीत नवशिका झाला आणि दुसरीकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ शिकविलेला मास्तर परीक्षेच्या बाकावर जाऊन बसला. आपल्या बरोबरीचे केव्हाच पदवीधर झाले, आपल्या मागून आलेले वरच्या जागी गेले, ही टोचणी अशा वेळी माणसाला मागे खेचते. लोक काय म्हणतील हा विचार तर पुस्तकच उघडू देत नाही. प्रेमचंद बुद्धिमान होते हे खरे, पण बुद्धिमान माणसे पुष्कळ असतात. चाळिशीच्या तोंडावर पुन्हा नवशिके होण्याची लाज न वाटणे, हा गुण दुर्मीळ आहे.

पदवी हाती आली आणि नोकरी सोडली

पदवी मिळाली म्हणजे पगारवाढ आणि बढती, हा आपला नेहमीचा हिशेब. प्रेमचंदांच्या बाबतीत तो चुकला. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधी गोरखपूरला आले. नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठलेले प्रेमचंद बायको-मुलांसह सभेला गेले. असहकाराची हाक त्यांनी ऐकली. घरी बरीच चर्चा झाली, शिवरानी देवींनी संमती दिली आणि थोड्याच दिवसांत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळची सरकारी नोकरी सोडली.

मग पदवीचा उपयोग काय झाला, असे कुणी विचारील. कानपूरच्या मारवाडी विद्यालयात आणि नंतर बनारसच्या काशी विद्यापीठाच्या शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले, हा एक उपयोग. पण माझ्या मते खरा उपयोग निराळा होता. अठराव्या वर्षी जे दार तोंडावर बंद झाले, ते त्यांनी स्वतःच्या हाताने उघडून पाहिले होते. ज्याने एक बंद दार उघडले, त्याला नोकरीच्या चार भिंतींबाहेर पडण्याचे भय कमी वाटते.

पुढची पंधरा वर्षे त्यांनी लेखणीवर काढली. ‘प्रेमाश्रम’, ‘रंगभूमी’, ‘निर्मला’, ‘गबन’, ‘कर्मभूमी’ आणि ‘गोदान’ या कादंबऱ्या पदवीनंतरच्या आहेत. इमाम हुसैन यांच्या बलिदानावर त्यांनी १९२४ मध्ये ‘कर्बला’ हे नाटक लिहिले. ‘ईदगाह’ १९३३ मधील. म्हणजे त्यांनी चाळिशीत हात टेकले असते, तर हमीद आणि त्याचा चिमटा आपल्याला भेटलाच नसता.

पैशाचे सुख मात्र त्यांना लाभले नाही. १९२३ मध्ये बनारसला सुरू केलेल्या सरस्वती प्रेसने त्यांना कर्जात लोटले. १९३० मध्ये काढलेल्या ‘हंस’ मासिकाने त्यात भरच घातली. हे कर्ज फेडण्यासाठी १९३४ मध्ये ते आपल्या मुंबईला आले. अजंता सिनेटोन या कंपनीने वर्षाला आठ हजार रुपयांचा करार केला होता. दादरला बिऱ्हाड होते. ‘मजदूर’ या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली, त्यात एक छोटी भूमिकाही केली. गिरणी कामगारांची ती कथा सेन्सॉरच्या कात्रीत सापडली आणि चित्रपटांचा धंदा त्यांच्या स्वभावाला मानवला नाही. करार पुरता होण्याआधीच, एप्रिल १९३५ मध्ये, ते मुंबई सोडून परत गेले.

डिसेंबर १९३५ मध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाच्या ‘जामिया’ मासिकात त्यांची ‘कफन’ ही कथा उर्दूत प्रसिद्ध झाली. एप्रिल १९३६ मध्ये लखनौला भरलेल्या प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. ‘गोदान’ त्याच वर्षी बाहेर आली. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी बनारसला त्यांचे निधन झाले. वय अवघे छप्पन. मागे सुमारे तीनशे कथा आणि डझनभर कादंबऱ्या राहिल्या. त्यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेवर १९७७ मध्ये सत्यजित राय यांनी चित्रपट काढला.

शिवरानी देवी

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. शिवरानी देवी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे शिक्षण बेताचेच होते. नवऱ्याच्या घरात पुस्तके होती आणि नवरा वाचून दाखविणारा होता. त्या वाचू लागल्या आणि पुढे स्वतः कथा लिहू लागल्या. १९३० च्या चळवळीत त्या तुरुंगातही गेल्या. प्रेमचंदांच्या मागे १९४४ मध्ये त्यांनी ‘प्रेमचंद : घर में’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले. प्रेमचंदांचे घरगुती जीवन आज आपल्याला कळते, ते बऱ्याच अंशी या पुस्तकामुळे. एका घरात एक माणूस शिकत राहिला की शिकण्याची सवय घरातल्या दुसऱ्याला लागते, ती अशी.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकहो, दरवर्षी निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात काही चेहरे हमखास दिसतात. मुलगा गणितात किंवा इंग्रजीत गेलेला असतो. वडील शाळा सोडल्याचा दाखला मागतात. मुलाला गॅरेजात, दुकानात नाहीतर परगावी मामाकडे लावायचे ठरलेले असते. मुलगी असेल तर बहुधा तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. घरची ओढाताण आम्हा शिक्षकांना दिसत नाही असे नाही. मुलाने कमवायला लागणे यात कमीपणाही काही नाही. प्रेमचंदांनी अठराव्या वर्षापासून कमविले आणि साऱ्या घराला पोसले. माझे मागणे एवढेच आहे की, कामाला लावताना त्याची पुस्तके रद्दीत घालू नका. त्याला नापास म्हणून हाक मारू नका. एका विषयात अडकणे आणि आयुष्यात अडकणे यांत फार अंतर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रेमचंदांना विद्यापीठाचा नियम बदलेपर्यंत दहा-बारा वर्षे थांबावे लागले. तुम्हाला तितके थांबण्याचे कारण नाही. राहिलेल्या विषयाची परीक्षा पुन्हा देता येते. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. मुंबईसारख्या शहरात रात्रशाळा आहेत. आणि नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम-धंदा, घर-संसार सांभाळून पदवी घेता येते. हे मी केवळ मुलांसाठी सांगत नाही. ज्या मातेने नववीत शाळा सोडली आणि जी आज आपल्या मुलीचा अभ्यास घेते, तिच्यासाठीही सांगतो. ज्या बांधवाने एस.वाय.ला कॉलेज सोडून दुकान सांभाळले, त्याच्यासाठीही सांगतो. दुकान बंद केल्यावर तासभर पुस्तक उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्या घरात, मोहल्ल्यात असे अर्ध्यावर थांबलेले कोणी ना कोणी असेलच. हा लेख वाचून झाल्यावर त्याच्याकडे जरा जा, त्याचा राहिलेला विषय कोणता ते विचारा, आणि फॉर्म भरण्याची शेवटची तारीख त्याला कळवा. जमल्यास जुने पुस्तकही द्या.